एक रानाची

१

शनिवारचं म्हणाल, तर त्यात नवल असं काही नव्हतं. सकाळी सहाला सदानंद गाडी काढायचा, सून विद्या खिडकीतून डबा पुढे करायची, आणि पंढरीनाथ मागच्या सीटवर दुखरा गुडघा लांब करून बसायचा. सेंदाई शहर मागे पडलं की भाताची कापलेली शेतं लागत, मग बोगदे, मग डोंगर. दीड तासात गाडी अशा जागी येऊन थांबायची, जिथे पुढे रस्ताच नाही.

पंढरीनाथची सगळी हयात मेळघाटात गेली. तीस वर्षं वनमजूर. शाळा म्हणाल तर सही करण्यापुरती. पण झाडाखाली उभं राहून, यंदा याला माल किती, हे तो वर न बघता सांगायचा. बायको अनुसया जाऊन सहा वर्षं झाली होती. तीन महिने इकडे या, असा लेकाचा, सदानंदचा हट्ट, म्हणून आला होता.

सदानंदचं काम वेगळंच. भूकंप होऊन गेला, समुद्र गावात येऊन गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. पण अणुवीजघरातून सुटलेली ती न दिसणारी किरणं रानात कुठे कुठे मुरली, ते अजून मोजत होते. आधी अळंबी मोजली, मग नेचाचे कोंब. यंदा चिलगोजे.

"म्हणजे चारोळीवानी?" पंढरीनाथने विचारलं होतं.

"तसंच काहीसं. पाइनच्या झाडाचं बी. इथे मात्सुनोमी म्हणतात."

"मग मीबी येतो. घरात बसून बसून मले बुरशी येईन."

रस्ता संपतो तिथे त्यांचे वाटाडे, त्या रानातले जुने चिलगोजेवाले कोन्नो-सान उभे असायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, वाकलेले, पण डोंगर चढताना सदानंदला दमवणारे. भेटले की ते तिघांच्या कमरेला एकेक घंटी बांधायचे. अस्वलालाही चिलगोजे आवडतात. आपण येतोय हे त्याला आधी कळलेलं बरं.

काम बघण्यासारखं होतं. पाच पाच सुयांच्या जुडग्यांची ती झाडं, शेंड्याला मोठी मोठी कणसं. पंढरीनाथ त्यांना कणसंच म्हणायचा. कोन्नो-सान लांब बांबू वर न्यायचे, मनगटाला एक हिसका, की कणीस खाली. पिकलेलंच. कच्च्याला बांबूचा धक्काही लागत नसे. आणि प्रत्येक झाडावर दोन-चार कणसं राखून पुढे जायचे.

"सगळं नाही काढत," पंढरीनाथ लेकाला म्हणाला. "रीतीचा माणूस आहे."

हात राळेने चिकट झाले की कोन्नो-सान दोघांच्या तळव्यांवर तिळाचं तेल ओतायचे आणि हसत काहीतरी बोलायचे.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुमचे वडील माझ्यापेक्षाही हळू चालतात. त्यामुळे मला तरुण असल्यासारखं वाटतं."

रानात त्यांचं एक खोपट होतं. मागच्या भिंतीला सरकती फळी, फळीबाहेर ऊन येणारा कट्टा. सकाळी रानात शिरण्याआधी कोन्नो-सान एक लाकडी वाडगा आदल्या खेपेच्या चिलगोज्यांनी भरायचे आणि त्या कट्ट्यावर ठेवून फळी ओढून घ्यायचे. कोणासाठी, ते पंढरीनाथने विचारलं नाही. प्रत्येक रानाचा कोणी ना कोणी मालक असतो. त्याच्या नावाचं ठेवलं असेल.

२

दुसऱ्या शनिवारी तिन्हीसांजेच्या बऱ्याच आधी ते खोपटाकडे परतले. कोन्नो-सान चूल पेटवत होते, सदानंद नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या डकवत होता. पंढरीनाथने सहज म्हणून फळी सरकवली.

वाडगा भरलेला होता. पण सकाळचा माल नव्हता तो. सगळे चिलगोजे सोललेले होते. पांढरेशुभ्र गर, एकही मोडलेला नाही. शेजारी टरफलं. प्रत्येक टरफल बरोबर मधोमध दुभंगलेलं, आणि अर्धुकात अर्धूक बसवून चवडी रचलेल्या, पंगत उठल्यावर द्रोण रचावेत तशा.

पंढरीनाथ मटकन खाली बसला. भीतीने नव्हे हो. कौतुकाने.

ज्याने कधी चारोळी फोडली नाही, त्याला हे कळायचं नाही. कवच दगडाचं आणि आतला गर लोण्याचा. घाव जरा जास्त पडला की पीठ, कमी पडला की बी निसटून अंगणात. अनुसया दगडाच्या पाट्यावर गोट्याने एकेक फोडायची, तेव्हा आसपासच्या गावच्या बायका बघायला यायच्या. आणि हे चिलगोज्याचं कवच तर चारोळीहूनही चिवट. अशा शे-दोनशे बिया, एक गर न दुखवता!

"सदा, हे कोणाचं काम?"

"कोन्नो-सानचंच असेल."

"कसं असेन? थे दिवसभर माह्या पुढे चालत होते."

सदानंदने हातातली पिशवी खाली ठेवली. कट्ट्याकडे बघितलं, मग चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे. मग आवाज उतरवून म्हणाला, "त्यांची बायको सोलायची पूर्वी. फुमी-सान. इथेच कट्ट्यावर उन्हात बसून. ते माल आणायचे, ती सोलायची."

"आता कुठे आहे?"

"बहिणीला चिलगोजे द्यायला समुद्राकडच्या गावी गेली होती. नेमकी समुद्र आला त्याच दिवशी." सदानंदने पिशवीचं तोंड बांधलं. "सापडली नाही, बाबा."

पंढरीनाथने एक गर उचलून तोंडात टाकला. गोड होता, लोण्यासारखा. त्याचा हात आपोआप दुसऱ्याकडे गेला.

३

कोन्नो-सानना कळलं की याने बघितलंय. रागावले नाहीत. आत जाऊन काचेच्या तीन बरण्या घेऊन आले. दर वर्षीच्या हंगामाची एक. तिन्हींत तेच अखंड गर.

मग ते बराच वेळ बोलले आणि सदानंद तुटक तुटक सांगत गेला. ती गेली त्या वर्षी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, सवयीने वाडगा बाहेर ठेवला गेला. दुपारी येऊन बघतात तर हे. तेव्हापासून रोज ठेवतात. कधी डोकावून बघितलं नाही. बघितलं आणि थांबलं तर? लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, खार असेल. तिने सेंदाईत एक खोली तयार ठेवलीय. वडिलांचं हृदय अधू आहे. डिसेंबरात बर्फ पडला की हा रस्ता बंद, तो एप्रिलपर्यंत. दर वर्षी हिवाळ्यापुरते ते तिच्याकडे जातात.

"आणि यंदा?"

सदानंदने ते कोन्नो-सानना विचारलं. त्यांचं उत्तर सांगायला त्याला जड गेलं. "म्हणतात, ती इथे थंडीत एकटी राहते आणि मी हीटरपाशी बसतो, हे बरं नाही. यंदा इथेच राहायचं आणि फळी उघडायची, असं मनात आहे. पण आधी खात्री हवीय. तुम्ही जन्मभर हेच काम केलंत. तुम्ही सांगा म्हणतात. हे खारीचं आहे, की माणसाच्या हाताचं?"

कोन्नो-सान गुडघे मोडून समोर बसले होते. दोन्ही तळवे मांडीवर. शाळेतल्या पोरासारखे.

आता पंढरीनाथचा एक स्वभाव होता. चांगल्या कामाला वाईट म्हणणं त्याच्या जिभेला यायचंच नाही. ठेकेदाराने दटावलं तरी नाही. त्याने एक टरफल उजेडात धरलं. आतून बाहेरून न्याहाळलं. घाव एकच, कडेला, शिवणीवर.

"खार कुरतडते," तो म्हणाला. "इथे दाताची खूण नाही. हा हात आहे. एकच हात, अन् लई मोठ्या कारागिराचा. सांग त्याइले."

सदानंदने सांगितलं. कोन्नो-सान इतके खाली वाकले की कपाळ चटईला लागलं.

गाडीत बसल्यावर लेक कडाडला. "काय बोलून बसलात, बाबा! तिथे चार महिने माणूस नसतो. औषध संपलं, कळ आली, तर कोण आहे? ते मरतील तिथे!"

"मी खरं थे सांगितलं."

"खरं! मग सोलतंय कोण, तेही सांगा."

कोन्नो-साननी वाडगा पंढरीनाथकडे दिला होता, सुनेला खाऊ म्हणून, गरांसकट. तो मांडीवर धरून तो बसून राहिला. गाडीचा हीटर चालू होता, तरी लाकूड गार लागत होतं.

४

विद्याने गर डब्यात काढले, वाडगा धुऊन पालथा घातला. शुक्रवारी संध्याकाळी पंढरीनाथने तो सुलटा केला आणि बघत बसला.

शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. अनुसयेने जन्मभर हे पाळलं. काही नसलं तर चार दाणे ज्वारीचे, चिमूटभर मीठ. पण रिकामं नाही. गावाहून येताना त्याने न फोडलेल्या चारोळीचं एक गाठोडं आणलं होतं, वेळ घालवायला. बाल्कनीत बसून फोडायचा. अनुसयेसारखी साधायची नाही. निम्म्याचा चुरा व्हायचा. सदानंद सारखा म्हणायचा, "बी आणायला इथे मनाई आहे, बाबा, नशीब कोणी पिशवी उघडली नाही."

त्याने तीन मुठी चारोळी वाडग्यात भरली. कोन्नो-सानला दाखवू, आमच्या रानाचं काय असतं ते.

शनिवारी कोन्नो-साननी चारोळी नाकाशी नेली, हसले, आणि तो वाडगा तसाच कट्ट्यावर ठेवून फळी ओढली. पंढरीनाथच्या तोंडून "अहो" निघालं, पण पुढे काय म्हणणार? तोवर ते बांबू घेऊन निघालेही होते.

त्या दिवशी खोपटाच्या कोपऱ्यात नवीन सामान दिसलं. तांदळाचं पोतं, रॉकेलचे दोन कॅन, जाड दुलई.

तीन वाजता परत आल्यावर फळी पंढरीनाथनेच सरकवली. चारोळी सोललेली होती. त्या इवल्याशा मसुरीएवढ्या गरांना कुठे खोक नाही. वा, असं तो मोठ्याने म्हणाला.

मग त्याला टरफलं दिसली. यावेळी चवडी नव्हत्या. उजव्या हाताला एक सैल ढीग, आणि ढिगावर, अगदी मधोमध, एक न फोडलेली चारोळी.

पंढरीनाथ ढिगापाशी वाकला.

अनुसया रोजचं काम संपलं की ढिगावर एक अख्खी ठेवायची. "ही एक रानाची," म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी रानात जाताना ती मातीत दाबायची. गावात दुसरं कोणी असं करत नव्हतं. ती त्याच्याच शेजारी बसून करायची, म्हणून त्याला ठाऊक.

त्याने ती एक उचलून खिशात टाकली. परतीच्या वाटेवर शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "सदा, तुही माय चारोळी फोडून झाल्यावर काय करायची, आठवते का?"

"मी दहाव्या वर्षी होस्टेलला गेलो, बाबा. मला काय आठवणार? का?"

"काही नाही. असंच."

म्हणजे सदाने कोन्नो-सानना सांगितलेलं नाही. त्याने स्वतः तर कोणालाच सांगितलेलं नाही. मग? वाऱ्याने एक दाणा वर आला असेल. एक फोडायची राहून गेली असेल. आठवडाभर तो मनाशी असंच घोळत राहिला. पण एवढ्या चांगल्या हाताकडून एक राहून जात नाही, हे त्याच्यातला कामकरी त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि दुसरंही एक. गेल्या खेपेला टरफलांच्या चवडी होत्या. तो फुमीचा हात. या खेपेचा दुसऱ्याच बाईचा.

तिकडे कोण बसतं, ज्याला दोघींचे हात येतात?

५

पुढच्या शनिवारी त्याने गुडघ्याचं निमित्त केलं. "तुमी जा. मी चुलीपाशी बसतो."

कोन्नो-साननी चिलगोजे वाडग्यात भरले. ते वळले तेव्हा पंढरीनाथने मूठभर चारोळी त्यात मिसळली. काहून? खरं सांगायचं तर त्याला भीती होती, आणि भीतीहून मोठी एक आस होती. सहा वर्षांत त्याने बायकोचा हात चालताना बघितला नव्हता.

दोन घंट्या चढावर गेल्या, बारीक झाल्या, विरल्या. तिसरी काढून त्याने खुंटीला टांगली. दुपारचे बारा असतील. ऊन स्वच्छ. फळीत बोटभर फट होती आणि तिच्यातून उजेडाची एक पट्टी चटईवर पडलेली.

बराच वेळ काहीच नाही. चूल तडतडली. कुठेतरी पक्षी ओरडला आणि एकदम गप्प झाला.

मग, टिक्.

दगडावर दगड. टिक्, टिक्, आणि थोडं थांबून, टिक्. घाईचा लवलेश नाही. पंढरीनाथ डोळे मिटून ऐकत राहिला. प्रत्येक घाव मोजूनमापून, तेवढाच. तीस वर्षं तो रात्री जेवणानंतर याच आवाजाच्या कडेला झोपला होता. त्याची मान आपसूक डोलू लागली. काय हात आहे, काय हात आहे.

उजेडाची पट्टी अर्धी झाकली गेली. तो गुडघ्यावर सरकत फळीपाशी गेला आणि फटीला डोळा लावला.

एक हात दिसला. बस, तेवढाच. मनगटापासून पुढचा.

अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं, मधोमध चिरलेलं. सदाच्या वेळी सहावा महिना असताना अनुसयेच्या अंगठ्यावर गोटा पडला होता, तेव्हाचं. पंढरीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्याआडून त्याला दिसलं की मनगटावर काहीतरी निळं आहे. रबरबँड. भाजीच्या जुडीला असतो तसला. अनुसयेने असलं कधी घातलं नाही. त्याने डोळे पुसले. मग हात नीट दिसला.

बोटांच्या पेरांवर एकही वळी नव्हती. वाकत होती बोटं, सुरेख वाकत होती, पण जिथे वाकतात तिथे कातडीला घडी पडत नव्हती. जसं कोणी हात दुरून पुष्कळ दिवस बघितला असावा, शिकून घेतला असावा, पण कधी हातात घेतला नसावा.

टिक् थांबलं.

हात उलटला आणि फटीपाशी आला. तळव्यावर एक सोललेली चारोळी होती. त्याला देऊ केलेली. आणि तळव्यावर रेघ नव्हती. आयुष्याची नाही, मस्तकाची नाही. एकही नाही. पीठ मळून ठेवलेल्या गोळ्यासारखा गुळगुळीत.

तो हात वाट बघत होता. फार सबुरीने. तीन वर्षं त्याने अशीच वाट बघितली असणार, कोणीतरी फळी उघडेल म्हणून.

पंढरीनाथने घेतली नाही. पण त्याचा स्वतःचा हात फळीच्या कडेपर्यंत गेला होता, हे त्याला नंतर कळलं. कडेवरच्या कुसाने बोटातून रक्त आलं, तेव्हा.

६

ते दोघे आले तेव्हा तो चुलीपाशी होता आणि फटीत पुन्हा पुरता उजेड आल्यावर आत घेतलेला वाडगा त्याच्यासमोर. आत गर काठोकाठ, दोन रानांचे, कालवलेले. टरफलं त्याने चुलीत घातली होती.

कोन्नो-साननी वाडगा बघितला, फळी बघितली, मग त्याला. एकच वाक्य बोलले.

"विचारतात, तिला बघितलंत का?"

"त्याइले इचार, फुमी-सान हाताले काय बांधायच्या?"

सदानंद गोंधळला, पण विचारलं. कोन्नो-सान ओशाळं हसले. आपल्या मनगटाभोवती बोट फिरवून दाखवलं. "म्हणतात, भाजीचे रबर. फेकवत नसत तिला. निळे असले तर खूश व्हायची."

पंढरीनाथने मान खाली घातली. एक शब्द बोलला की हा माणूस आज ती फळी उघडणार होता. तो रेघ नसलेला हात हातात घेणार होता, आणि चार महिने वर बर्फ.

"सांग," तो म्हणाला, "मी बघितलं. खार आहे."

"बाबा? तेव्हा तर तुम्हीच..."

"तेव्हा चुकलो. म्हातारी नजर. खार आहे म्हणावं. काळी, शेपटीची. हे पाहा." त्याने वाडग्यातला एक गर उचलला आणि बोटांत दाबून मोडला. असा गर त्याने जन्मात हाताने मोडला नव्हता. "काम काही खास नाही. माणसाचं तर नाहीच."

सदानंद सांगत होता. त्यात 'रिसु', म्हणजे खार, हा शब्द दोनदा आला. फळीमागे काहीतरी अगदी हलकेच घासलं आणि थांबलं, जसं कोणी ऐकायला कान टेकवावा.

कोन्नो-साननी तो मोडलेला गर तळव्यावर घेतला. मग विचारलं.

"म्हणतात, खार इतकं सुंदर सोलते?"

"सोलते म्हणावं. आमच्याकडेबी सोलते." पंढरीनाथने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "पाह्यलं की घरचं माणूस आठवते, इतकं सुंदर सोलते."

हे भाषांतर करायला सदानंदला वेळ लागला. ऐकून कोन्नो-सान उठले. रॉकेलचा एक कॅन उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला. मग दुसरा. मग दुलई. सदानंद तांदळाचं पोतं उचलायला लागला. लेकीला फोन त्यांनी गाडीपाशी पोहोचल्यावर करायचं ठरवलं. वर रेंज नव्हती.

पंढरीनाथ शेवटी उठला. वाडग्यातले गर चुलीत ओतले. फळी हातभर सरकवली, बाहेर न बघता वाडगा कट्ट्यावर ठेवला. रिकामा. फळी परत ओढून घेतली. शेजारधर्म आयुष्यात पहिल्यांदा मोडला होता त्याने.

तिघे उतरणीला लागले. तीन घंट्या वाजत होत्या. पहिल्या वळणापर्यंत तेवढंच.

मग मागून आवाज आला. टक्. टक्, टक्. लाकडी वाडग्याच्या काठावर कोणी बोटाने वाजवावं तसा. घाई नाही, राग नाही. अनुसया जेवायला हाक मारायची नाही कधी. ताटाच्या काठावर असंच वाजवायची.

सदानंद थबकला. "हे काय वाजतंय?"

कोन्नो-सानही थांबले होते. पाठमोरे. त्यांच्या घंटीचा आवाज बंद झाला. एक पाऊल मागे पडतंय की काय, असं पंढरीनाथला वाटलं आणि त्याने त्यांची बाही धरली.

"रिसु," कोन्नो-सान म्हणाले.

"हाव," पंढरीनाथ म्हणाला. "रिसु."

घंट्या पुन्हा वाजू लागल्या. एका हाताने त्याने बाही सोडली नाही. दुसरा खिशात होता, आणि रानाची ती एक, जी या रानात दाबायला त्याची छाती झाली नाही, मुठीत घट्ट होती.